शालीखालची माती

"साहेब, एक सांगा, ह्या दोघांत आपला कोण?"

वस्ताद हिंदुराव ऐतवडे यांनी हे विचारलं तेव्हा मी उमळगावच्या तालमीत लाकडी बाकावर अंग चोरून बसलो होतो, आणि हातातला बदामाच्या थंडाईचा भलामोठा पेला कसा संपवावा या विवंचनेत होतो. समोर लाल मातीच्या हौदात दोन पोरं एकमेकांची मान धरून घुमत होती. मी नेहमीच्या सवयीने म्हणालो, "दोघेही आपलेच."

"दोघंबी आपलीच? मग कुस्ती कुणासंगं लावायची?"

या प्रश्नाचं उत्तर दिल्लीत कुणाकडे नव्हतं, म्हणून तर मला उमळगावला पाठवलं होतं.

ही गोष्ट एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरच्या हिवाळ्यातली. मी ज्या खात्यात होतो त्याचं नाव घेत नाही. परक्या देशांशी गोड बोलणं हे त्याचं काम, एवढ्यावर ओळखा. दिल्लीत नवं सरकार आलं होतं आणि आमची अलिप्तता, जी तोवर नुसती अलिप्तता होती, ती आता खरीखुरी झाली होती. खरीखुरी म्हणजे नेमकी कशी हे आम्हाला कुणी समजावलं नाही. त्यामुळे जो तो आपापल्या टेबलावर पट्टी घेऊन रशिया आणि अमेरिका यांच्यातलं अंतर मोजत बसला. आमचे वरिष्ठ भटनागरसाहेब तर रशियन माणसाबरोबर चहा झाला की पित्त उसळलेलं असतानाही अमेरिकन माणसाबरोबर चहा घेत, आणि मग दिवसभर पोट धरून फिरत.

अशात उमळगावच्या साखर कारखान्याचे चेअरमन दौलतराव इंगवले यांनी एक पराक्रम केला. त्या हिवाळ्यात रशियाचा आणि अमेरिकेचा असे दोन कुस्तीसंघ सदिच्छा दौऱ्यावर आले होते. कारखान्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून दौलतरावांनी कुस्त्यांचं मैदान भरवलं आणि दोन्ही संघांना आमंत्रण धाडलं. एकाच दिवसाचं. दोघांनीही ते आनंदाने स्वीकारलं. दौलतरावांचा कारखान्याच्या वाढीचा अर्ज दिल्लीत अडकून पडला होता, आणि दोन महासत्ता आपल्या मांडवात बसलेल्या पाहिल्यावर तो सुटेल असा त्यांचा हिशेब होता. भटनागरसाहेबांनी खात्यात कोण मराठी आहे ते पाहिलं. मी होतो. मी नागपूरचा वझलवार, जन्मात कधी कुस्ती पाहिली नव्हती, हे मी सांगून पाहिलं. साहेब म्हणाले, तेच बरं, म्हणजे तुम्ही कुणाची बाजू घेणार नाही.

बेत असा होता की दोन्ही पाहुण्या मल्लांशी एकच माणूस लढणार, उमळगावचा बाळगोंडा चौगुले. माणसं दोन ठेवली असती तर चांगला कुणाला दिला आणि कच्चा कुणाला, हा वाद निघाला असता. बाळगोंडा हौदातून वर आला, टॉवेलने मान पुसत माझ्यासमोर उभा राहिला. तिशीला टेकलेला, कान मोडून गेलेले, आवाज मात्र एखाद्या शाळामास्तरासारखा हळू. मी त्या दोघांना दिल्लीचं म्हणणं समजावून सांगितलं, की दोन्ही कुस्त्या बरोबरीत सुटाव्यात, कुणी पडू नये, कुणी पाडू नये, सगळ्यांनी हसत घरी जावं.

वस्ताद म्हणाले की हँडबिलावर निकाली कुस्ती असं छापलंय. लोक चार तालुक्यांतून बैलगाड्या जुंपून येणार ते कोण पडतो ते बघायला. बरोबरी ही दोघं दमून गळाठले तर पंच नाइलाजाने देतात, आधी ठरवून नव्हे.

मी बाळगोंडाकडे वळलो. तू तरी समजून घे, म्हणालो. त्याने टॉवेल खांद्यावर टाकला.

"साहेब, मैदानाला निवड समितीचे साहेब येणार हाईत. उन्हाळ्यात संघ परदेशी जातोय, जगाच्या स्पर्धेला. माझ्या वजनात दोघांचं नाव अडलंय, त्यातलं एक माझं. ते म्हणाल्यात, परदेशी मल्ल पाडून दाखव, तिकीट तुझं. पुढच्या साली मला कोण विचारणार न्हाई. बरोबरीवर मला कोण नेणार?"

"आणि हरलास तर?"

"हरलो तर हरला म्हणतील. बरोबरी झाली तर काहीच म्हणणार न्हाईत."

आमच्या खात्याचं सबंध धोरण त्या माणसाने लंगोटावर उभं राहून एका वाक्यात सांगून टाकलं होतं. माझी अडचण पाहून वस्तादांनाच दया आली. त्यांनी विचारलं, "तुमची अट काय, दोघांना सारखं वागवायचं, एवढीच न्हवं?"

"एवढीच."

"मग दोघांनाबी पाडलं तर?"

मी हसलो. मग हसणं थांबवून विचार केला. विचार करता करता माझ्या लक्षात आलं की याला हरकत घेण्यासारखं आमच्या धोरणात काहीही नाही. कारखान्याच्या कचेरीतून ट्रंक कॉल लावून मी भटनागरसाहेबांना हे ऐकवलं. त्यांनी मला ते दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाले की बरोबरी उत्तम, पण ती नसेल तर दोघे पडावेत किंवा दोघे जिंकावेत. एक पडला आणि एक राहिला, तर त्याला झुकाव म्हणतात, आणि झुकावाचा जाब मला संसदेपर्यंत द्यावा लागेल. मी म्हणालो, समजलं. बाळगोंडाला तसा निरोप दिला. तो फक्त बरं म्हणाला आणि पुन्हा हौदात उतरला.

पुढचे दोन दिवस मी सारखेपणा सांभाळण्यात घालवले. झेंड्यांच्या काठ्या शेजारी आडव्या ठेवून मापल्या. मांडवात दोन सोफे होते, त्यातला एक अंमळ रुबाबदार निघाला, म्हणून दोन्ही हलवून दोन मल्ल आणि त्यांचे दोन मॅनेजर अशा चारही पाहुण्यांना लोखंडी खुर्च्यांवर बसवलं. आधी कोण लढणार यावर दिल्लीहून तीन फोन आले. शेवटी ठरलं की हार आधी अमेरिकनांना घालायचे आणि कुस्ती आधी रशियनांची लावायची. दौलतरावांनी दोघांनाही सारखाच तांबडा रस्सा वाढला आणि दोघांच्याही डोळ्यांतून सारखंच पाणी काढलं.

मैदानाचा दिवस उजाडला. उसाच्या तोडलेल्या फडात हौद खणला होता आणि चहूबाजूंनी माणूस बसलं होतं, झाडांवरही. त्या काळी बायका मैदानात यायच्या नाहीत. त्या घरी बसून भोंग्यावर ऐकायच्या. निवड समितीचे साहेब पहिल्या रांगेत, डोक्याला फेटा बांधून घेऊन, खुशीत होते.

गेनादी नावाचा रशियन मल्ल मातीत उतरला. गोरापान, बैलासारखा रुंद, चेहऱ्यावर लहान मुलाचं कुतूहल. बाळगोंडाने माती उचलून त्याच्या अंगावर टाकली तेव्हा तो दचकला, मग तसं करतात हे कळल्यावर त्यानेही ओंजळभर माती बाळगोंडाच्या छातीवर चोळली. हलगी सुरू झाली. पहिली काही मिनिटं मला दोघं नुसते मिठी मारून उभे आहेत असंच वाटत होतं. शेजारी बसलेले दौलतराव कानात सांगत होते, बघा, रशियन दम काढतोय, आता बघा. गेनादी खाली झेपावला, त्याने बाळगोंडाचा पाय धरला. लोकांनी श्वास रोखला. बाळगोंडा त्याच्या पाठीवरून मागे सरकला, कंबर धरली, त्याला गुडघ्यावर आणलं, आणि घिस्सा डाव मारून असा फिरवला की ते एवढं मोठं धूड क्षणात उताणं झालं. दोन्ही खांदे मातीला लागले. पंचांनी बाळगोंडाचा हात वर केला.

मी खुर्चीवर उभा राहून ओरडत होतो. हे मला नंतर सांगण्यात आलं. मी ओरडत होतो हे खरं आहे आणि तो माझ्या नोकरीतला बहुधा सर्वांत आनंदाचा क्षण होता, हेही खरं आहे.

लोकांनी बाळगोंडाला खांद्यावर घेतला. निवड समितीच्या साहेबांनी फेटा सावरत मोठ्याने सांगितलं की शाब्बास, तिकीट झालं. मी मनाशी म्हणालो, आता एकच काम उरलं, अमेरिकन पडला की भारताची अलिप्तता सुखरूप. आयुष्यात मी इतक्या मनोभावे कुणाच्या पडण्याची वाट पाहिली नव्हती.

आणि अमेरिकन मॅनेजर येऊन म्हणाला की आमचा मल्ल ड्वेन आजारी आहे.

पोट बिघडलंय, रात्रीच्या रश्श्याने, असं त्याचं म्हणणं. कारखान्याचा डॉक्टर तपासायला गेला, तर ड्वेन मांडवामागे उसाचं कांडं दातांनी सोलत बसला होता. त्याच्या पोटाला काही झालेलं नव्हतं. पोट मॅनेजरचं बिघडलं होतं, समोरची कुस्ती पाहून. मी त्याला नाना परींनी विनवलं. आपल्या मल्लाने मातीत उतरावं आणि कृपा करून पडावं, असं मला उघड म्हणता येईना, आणि दुसरं काही म्हणण्यात अर्थ नव्हता. तो गोड हसून नाही म्हणत राहिला. तेवढ्यात रशियन मॅनेजर दुभाष्याला घेऊन माझ्याकडे आला. तो हसत नव्हता. त्याने एवढंच विचारलं, की दोन पाहुण्यांना बोलावून त्यातल्या एकालाच पाडायचं, हा आपल्याकडचा रिवाज आहे का.

मी पुन्हा कचेरीत धावलो. ट्रंक कॉल लावला.

भटनागरसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, "दुसरी कुस्ती होत नसेल, तर पहिली बरोबरीत सुटली."

"सर, ती सुटली नाही. निकाल लागलाय. वीस हजार लोकांनी पाहिलाय."

"वझलवार, लोकांनी काय पाहिलं हा अंतर्गत प्रश्न आहे. आपलं खातं बाहेरचं पाहतं. चेअरमनना फोन द्या."

दौलतराव फोनवर फक्त जी, जी म्हणत होते. मधेच त्यांचा चेहरा उजळला. वाढीच्या अर्जाचा उल्लेख तिकडून झाला असावा. फोन ठेवून ते सरळ माइकपाशी गेले. मी त्यांच्यामागे गेलो, चेअरमनसाहेब, हे असं करू नका, म्हणालो. ते म्हणाले, तुमच्याच साहेबांचा हुकूम आहे, आणि घसा खाकरून त्यांनी जाहीर केलं की थोर मित्रराष्ट्राचे मल्ल आणि आपले बाळगोंडा यांची कुस्ती अत्यंत खेळीमेळीच्या वातावरणात बरोबरीत सुटलेली आहे.

लोकांना आधी वाटलं, चेअरमन चुकून बोलले. मग ते पुन्हा तेच बोलले. मैदानातून जो आवाज उठला तो काय होता ते लिहिता येण्यासारखं नाही. एक चप्पल आली, मग बऱ्याच आल्या.

सर्वांत गोंधळला होता गेनादी. दुभाष्याने त्याला कानात सांगितलं. त्याने परत विचारलं. मग तो दुभाष्याकडे आणि आम्हा सगळ्यांकडे पाठ करून उभा राहिला आणि अंगठ्याने मागे, आपल्या पाठीकडे दाखवलं. पाठ खांद्यापासून कमरेपर्यंत लाल मातीने माखलेली होती. पाठीला माती म्हणजे काय, हे त्या मैदानातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. गेनादी स्वतःच हसू लागला, आणि त्याच्याबरोबर सगळं मैदान हसायला लागलं.

दौलतरावांची हुशारी मी तेव्हा पाहिली. सत्काराच्या शाली टेबलावर होत्याच. त्यांनी वरची एक उचलली, हात जोडत गेनादीजवळ गेले आणि ती जरीकाठी शाल त्याच्या खांद्यांवरून पार खाली पोटरीपर्यंत नीट पांघरली. वर नारळ दिला. फोटोग्राफर तयारच होता. एका बाजूला बाळगोंडा, एका बाजूला शाल पांघरलेला गेनादी, मधे दोघांचे हात वर धरलेले दौलतराव. हा फोटो पुढे आमच्या खात्याच्या एका गुळगुळीत पुस्तिकेत पूर्ण पानभर छापून आला, आणि खाली लिहिलं होतं, मैत्रीची उबदार शाल. फोटोत गेनादी आपला हात खाली ओढतोय हे नीट पाहिलं तर दिसतं.

मी निवड समितीच्या साहेबांना गाठलं. म्हणालो, तुम्ही तर दोन हातांवरून पाहिलंत. ते फेटा सोडून घडी घालत होते.

"मी पाहिलं ना," ते म्हणाले. "पण मी इथं सरकारी पाहुणा म्हणून आलोय. जे जाहीर झालं तेच मी पाहिलं. परदेशी मल्ल पाडला असता तर प्रश्नच नव्हता. बरोबरीवर कसं नेणार?"

हे ते बाळगोंडासमोर म्हणाले. त्या उन्हाळ्यात संघातून दुसराच कुणी गेला आणि तिकडे, जिथे दोनदा पडल्यावरच बाद करतात, पहिल्या फेरीत रशियनाकडून, दुसऱ्या फेरीत अमेरिकनाकडून पडून परत आला. भटनागरसाहेबांना ती बातमी मी वाचून दाखवली तेव्हा ते समाधानाने म्हणाले, चला, तिथेही कुठे झुकाव दिसला नाही. वर्षाच्या आत ते एका मोठ्या देशात राजदूत झाले. दौलतरावांचा कारखाना वाढला.

पण त्या संध्याकाळी हे काही अजून व्हायचं होतं. मांडव रिकामा होत होता आणि मी माझी बॅग शोधत होतो, तेव्हा वस्ताद माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता हा म्हातारा माझ्या कानाखाली देणार, आणि दिली असती तर मी तक्रार केली नसती. ते म्हणाले, "चला."

"कुठे?"

"बाळगोंडाच्या घरी. त्याच्या आईनं भोंग्यावर ऐकलंय. आधी पाडलं म्हणून वरडा ऐकला, मग चेअरमनचं ऐकलं. आता काय झालं ते तिला कोण सांगणार? मी सांगितलं तर वस्ताद पोराची बाजू घेतोय म्हणंल. ही कुस्ती तुमच्या सरकारानं बरोबरीत सोडवलीय, तुमी सांगा."

आम्ही तिघे गावातून निघालो. पुढे बाळगोंडा, अंगावर तशीच माती, छातीवर आणि दंडांवर, पाठ मात्र साफ. ओट्यांवरची माणसं त्याला पाहून उठून उभी राहत आणि काय म्हणावं न कळून पुन्हा बसत. वस्ताद मला हळू आवाजात सांगत होते की या गावात पैलवान कुस्ती मारून आला की त्याला पुढच्या दारात ओवाळतात, आणि पडून आला तर तो आपणहून मागनं, गोठ्याच्या दारानं घरात शिरतो, कुणी त्याला हाक मारत नाही. बरोबरी झाली तर, मी विचारलं. वस्ताद म्हणाले, बरोबरी झालेला पैलवान दमलेला असतो, त्याला कोण विचारतंय. पण बरोबरी झाली म्हणायचं आणि पैलवान दमलेलापण नाही, असं कधी झालं नव्हतं.

घर आलं. दगडी जोत्याचं, बसक्या दाराचं. दारात तानाक्का उभी होती, बाळगोंडाची आई. बारकी, ताठ, कपाळावर ठसठशीत कुंकवाऐवजी नुसती गोंदणाची हिरवी खूण. उंबऱ्याच्या आत पाण्याचा तांब्या आणि भाकरीचा तुकडा ठेवलेला होता. तिने तयारी केली होती, आणि मग तिथेच थबकली होती.

बाळगोंडाने तिच्याकडे पाहिलं नाही. मान खाली घालून तो घराच्या कडेने गोठ्याकडे वळला.

"थांब," ती म्हणाली. तो थांबला. मग तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या कोटाकडे, टायकडे. "तुमी दिल्लीचं साहेब?"

मी हो म्हणालो.

"पडला का पाडलं?"

माझ्याजवळ उत्तरं होती. मैत्रीपूर्ण वातावरण, परस्पर आदर, दोन्ही बाजूंचं समाधान. पंधरा वर्षं मी तीच वाक्यं टाइप करत होतो आणि पुढेही निवृत्तीपर्यंत करत राहिलो. जगातल्या मोठमोठ्या शहरांत, मोठमोठ्या टेबलांवर मला लोकांनी सरळ प्रश्न विचारले आणि मी त्यांना एकाचंही सरळ उत्तर दिलं नाही. पण त्या बाईसमोर मी त्यातलं एकही वाक्य काढलं नाही.

"पाडलं, आक्का," मी म्हणालो. "चीतपट. दोन्ही खांदे मातीला लावले. मी डोळ्यांनी पाहिलं."

"मग भोंग्यावर?"

"भोंग्यावर खोटं सांगितलं."

तिने हे नीट ऐकून घेतलं. मग, मला वाटतं खात्री करून घ्यायला, विचारलं, "हे तुमी म्हणताय, का सरकार म्हणतंय?"

वस्ताद माझ्याकडे पाहत होते. बाळगोंडाही पाहत होता, गोठ्याच्या दारावर एक हात ठेवून.

"सरकार म्हणतंय," मी म्हणालो.

तानाक्काने तांब्या उचलला. पोराच्या तोंडावरून पाणी ओवाळलं, भाकरीचा तुकडा ओवाळून दूर फेकून दिला, आणि बाजूला सरली. बाळगोंडा चौगुले मान वाकवून पुढच्या दाराने घरात गेला.